बॅकअप यशस्वी, ब्लाऊज घट्ट

अरे तू आधी नुसतं ऐक! मध्ये बोलायचं नाही, आणि 'मग एकदा तपासून का नाही बघितलं' असले शहाणे प्रश्न तर मुळीच विचारायचे नाहीत. ते सगळे त्याला विचारून झालेत.

आपला सुदर्शन. वाशीमचा, नोकरी खराडीत, लोकांना फोनवर 'कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा' सांगायची, राहतो बिबवेवाडीत हेमाकाकूंच्या वरच्या खोलीत. खाली काकूंचं ब्लाऊज शिवायचं दुकान. अठ्ठावीस वर्षांत एक ब्लाऊज चुकला नाही, अशी ख्याती! मापं सगळी एका जाड वहीत. ती वही बघून आपला इंजिनिअर पुढं सरसावला.

"काकू, एकविसाव्या शतकात वही? उद्या भिजली तर?"

"सव्वीस वर्षं नाही भिजली ती."

"मी डेटाबेस करून देतो! फुकट!"

'फुकट' म्हटल्यावर श्यामकाकांनी पेपरातून मान वर केली आणि काम मंजूर झालं. ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुना कॉम्प्युटर आला, काकांनी एका बोटानं सगळी मापं भरली, वही रद्दीत गेली. आणि मग सुदर्शननं ते केलं, ज्याबद्दल तो ऑफिसात महिनाभर बोलत होता. बॅकअपची शेल स्क्रिप्ट! रोज ठरलेल्या वेळी सगळी मापं आपोआप पेनड्राईव्हवर. माणसाचा हात लागायला नको!

वेळ कुठली? दुपारी दोन! कारण एक ते चार दुकान बंद, कॉम्प्युटरला कुणी हातसुद्धा लावत नाही. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झाला, की त्या दिवशी त्यानं स्वतःलाच दोन मस्तानी पाजल्या.

पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर हातानं चालवून दाखवलं. फाईल तयार! टाळ्या! दुकानाच्या कॉम्प्युटरवरून फोनवर मेसेज काही जाईना, म्हणून मेसेजची वेगळी स्क्रिप्ट त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर लावली. रोज दोन वाजून पाच मिनिटांनी काका, काकू आणि तो अशा तिघांच्या ग्रुपवर: 'बॅकअप यशस्वी!' काका रोज खाली अंगठा टाकायचे. दोन वर्षं, एक दिवस खाडा नाही!

आता हा महिना. शर्मिलावहिनींच्या लेकीचं, उत्कर्षाचं लग्न. अकरा ब्लाऊजची ऑर्डर. वहिनी स्वतः, नवरी, आत्या, मावश्या, सगळ्या जुन्या गिऱ्हाईक. पंधरा दिवसांपूर्वी काकूंनी सगळ्यांची ताजी मापं घेतली, काकांनी थेट कॉम्प्युटरवर भरली. कागदाचा कपटा नाही! आणि कापायला बसायच्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरनं मान टाकली. हार्ड डिस्क गेली.

काकू शांत होत्या. "सगळ्यांना परत बोलावते. अर्ध्या दिवसाचं काम."

"काकू! मग बॅकअप कशाला आहे?" सुदर्शन असा गरजला, की शेजारचा इस्त्रीवाला बाहेर आला. घरचा दुसरा कॉम्प्युटर आणला, पेनड्राईव्ह लावला, दहा मिनिटांत सगळी नावं पडद्यावर! पंगतीत जिलबी वाढावी तसा एकेकीचं माप वाचत सुटला.

"शर्मिला चौतीस?" काकूंनी टेप खाली ठेवली. "मला तर परवा छत्तीसच्या पुढं वाटली होती."

"काकू, डोळा चुकतो. डेटा चुकत नाही."

हे वाक्य तो म्हणाला. माझ्या समोर. अकरा ब्लाऊज त्या डेटावर कापले गेले.

बुधवारी वहिनी घालून बघायला आल्या. हुक एका काठावर, काज दुसऱ्या काठावर, मधून मुठा वाहतेय! मावशी? तेच! आत्यानं तर श्वास आत घेतला तो सोडायचीच भीती.

"हेमाताई, तुमचं माप चुकणं शक्यच नाही," वहिनी रडवेल्या झाल्या. "म्हणजे मीच सुटले! पंधरा दिवसांत दोन इंच!"

"केळवणं!" आत्या म्हणाली. "अगं रोज कुणाकडे तरी केळवण. ही तुझी धाकटी जाऊ, पुरणपोळीवर तूप ओततच होती!"

"मी ओतत होते?" जाऊ उसळली. "ताट पुढं कोण करत होतं?"

झालं! तिथल्या तिथं उरलेली चार केळवणं रद्द, दोन जावांचं बोलणं बंद, आणि अख्ख्या घरात काकडी सुरू!

पण खरी गंमत उत्कर्षाची. ती गेली दोन वर्षं जिमला जाते. तिचा ब्लाऊज अंगावर असा लोंबत होता, जसा खुंटीवर टांगलाय. वहिनींनी बघितलं आणि मटकन बसल्या.

"पोर वाळली! पंधरा दिवसांत वाळली! उत्कर्षा, खरं सांग, हे लग्न तुझ्या मनाविरुद्ध ठरलंय का?"

"आई, काहीही काय!"

"मग वाळलीस कशी? मी आजच तेजसच्या घरी फोन करते. लग्न पुढं ढकलू, पण तुझ्या मनाविरुद्ध काही नको."

लग्न रविवारी, आणि ही बाई बुधवारी फोन शोधतेय! काकूंनी कसाबसा एक दिवस मागून घेतला.

सुदर्शनला हे कळलं तेव्हा त्याचं तोंड ताकातल्या भज्यासारखं झालं. गुरुवारी सुट्टी टाकली आणि दुकानात खाली बसला, मापं तपासायला. एक वाजला. काकांनी शटर अर्धं ओढलं, भिंतीपाशी गेले आणि, खट्!

मेन स्विच! पंखा गेला, दिवा गेला, कॉम्प्युटर गेला.

"काका! हे काय?"

"एक ते चार बंद."

"दुकान बंद ना!"

"दुकान म्हणजे काय? दुकानात जे आहे ते. पाटी मराठीत आहे."

"रोज?"

"अठ्ठावीस वर्षं. कॉम्प्युटर आधी नीट बंद करतो हो. आज तू बसलायस म्हणून विसरलो."

"अहो, पण दोन वाजता त्यात बॅकअप चालतो!"

"तो अंधारात चालत असेल असं वाटलं मला. मेसेज यायचा की यशस्वी म्हणून!"

मेसेज यायचाच! कारण लॅपटॉपवरची ती स्क्रिप्ट बॅकअप झाला का, असं विचारतच नव्हती. घड्याळात दोन पाच झाले, की बातमी देऊन मोकळी! सुदर्शननं पेनड्राईव्ह फोनला लावून उघडला. त्यात फाईल एकच. पहिल्या दिवशीची, टाळ्यांची. दोन वर्षांपूर्वीची मापं!

"बाप्पा!" एवढंच निघालं तोंडातून.

काकू आतून सगळं ऐकत होत्या. चिडल्या नाहीत रे, तेच जास्त वाईट. म्हणाल्या, "ब्लाऊज उद्यापर्यंत होतील. घट्ट आहेत त्यांच्या शिवणीत मी माया ठेवलीय, जास्तीचं कापड, ती उसवते. उत्कर्षाचा आत घेते. पण शर्मिलाच्या डोक्यात जे बसलंय, ते तू उसव. स्वतःच्या तोंडानं."

सुदर्शननं तीन तास वाक्य घोकलं. 'वहिनी, चूक माझी आहे, मापं जुनी होती.' सात शब्द! चार वाजता शटर वर गेलं आणि समोर शर्मिलावहिनी. अंगावर तोच ब्लाऊज, वर पदर घट्ट, एका हातात थायरॉइडचा रिपोर्ट, दुसऱ्या हातात फोन, त्यावर तेजसच्या आईचा नंबर. मागं उत्कर्षा, डोळे लाल.

"तू शिकलेला मुलगा आहेस," वहिनी म्हणाल्या. "ही सगळी माझ्या तोंडावर गोड बोलतात. तू खरं सांग. मी सुटलेय का?"

आता बघ! 'हो' म्हणावं, तर मेला. 'नाही' म्हणावं, तर पुढचा प्रश्न, 'मग ब्लाऊज का होत नाही?' आणि काकूंचं अठ्ठावीस वर्षांचं नाव त्याच्यामुळे मातीत. काकू बघतायत, काका बघतायत, उत्कर्षा बघतेय. वहिनींचं बोट फोनवर. घोकलेले सातच्या सात शब्द उडाले! घसा खाकरला, आणि चार वर्षं खराडीत सपोर्टला बसून जे तोंडात बसलंय, तेच बाहेर पडलं:

"वहिनी, एकदा काढून परत घालून बघता का?"

हसू नकोस! अरे हसतोस काय! त्याच्या जागी तू असतास, तर काय सांगितलं असतंस?