एका पानाच्या रुमालाची हकीकत

श्रीचरणीं मस्तक ठेवून, जुन्या कारकुनांचे मुखें ऐकिलें तैसें लिहितों. शके पंधराशें नव्वद, कीलक संवत्सर, माघ शुद्ध पंचमी, ते दिवशीं एका दौलतीचे किल्ल्यास वेढा पडिल्याची खबर आली आणि किल्लेदार विसाजी यांणीं लिहिलें कीं, पाणी आजपासून पंचेचाळीस दिवस पुरेल. मग महाराजांनीं विसाजींचे वडील बंधू, दफ्तरदार तिमाजीपंत, यांस आज्ञा केली, "पंत, पाणी सरेल ती तिथी सूर्यास्ताचे आंत काढा. फौज खोळंबली आहे." आतां हें बोटांवर कोणीही मोजील, परंतु शिरस्ता असा कीं, दफ्तरांतून निघाल्या जबाबासच शिक्का व्हावा, शिक्क्याविना फौज हालूं नये, आणि सवाल कोणत्या रुमालास, म्हणजे कागदांचे कोणत्या गाठोड्यास, पुसिला हें लिहिल्याविना कारकुनांनीं लेखणी उचलूं नये.

पंतांनीं घाईंत हाताशीं आला तो शिबंदीचा, म्हणजे शिपायांचे नोंदींचा, रुमाल सांगितला आणि फजिती जाहली. जबाब पानागणिक एक द्यावयाचा, शिबंदीचीं पानें बारा हजार, मग कारकून तीच तिथी बारा हजार वेळां लिहूं लागले. दोन प्रहर लोटले, शाई सरत आली, आणि शिक्केकरी हटून बसले कीं सगळे जबाब येऊं द्या. पंत मनांत चरफडले कीं, भाऊ तिकडे पाण्यावांचून मरेल आणि हे इकडे अक्षर गिरवीत बसतील. मग त्यांणीं तो सवाल मागें घेतला आणि नवें फडकें बांधून रिकामाच रुमाल पुढें केला. वडील कारकून बाबदेवराव शांतपणें वदले, "पंत, यांत पानच नाहीं. जबाब लिहावा कोणत्या पानाचा?"

पंत हंसले. मग एक पान घेतलें, त्यावरी एकच अक्षर "क्ष" लिहिलें, ज्याचा अर्थ कांहींच नव्हे, आणि तें रुमालांत बांधून म्हणाले, "आतां यास पुसा." एक पान, एक जबाब निघाला, मधली एक क्षयतिथी धरून फाल्गुन वद्य षष्ठी. शिक्का जाहला, ऊन असतांच फौज निघाली, आणि षष्ठीस पांच दिवस उरले असतां वेढा उठविला. विसाजी सुकल्या ओठांनीं, फौजेसवें आलेल्या भावाचे गळां पडिले आणि सर्व ऐकून पुसते जाहले, "दादा, त्या पानावर असें काय होतें?"

"कांहीं नव्हतें रे. म्हणून तर तूं वांचलास," पंत बोलिले आणि डोळे पुसूं लागले.

मग महाराजांनीं हुकूम केला कीं, या रुमालांत दुसरें पान घालूं नये आणि आहे तें काढूं नये. शिबंदीचा रुमाल पुढें वाळवीनें खाल्ला. एका पानाचा अद्याप दफ्तरीं आहे, आणि तिथी, वार, गणित सर्व त्यासच पुसतात. इतकी हकीकत.