मकरंदच्या घरातले चौदा खोके

मकरंद दिवसभर घरी असतो, हा शोध वेलिंग्टनच्या मराठी मंडळींना लागला आणि त्याच्या हॉलचं गोदाम झालं. खरं तर तो ऑफिसात असायचा. फक्त ते ऑफिस साडेसहाशे किलोमीटरवर, ऑकलंडच्या पेनरोजमध्ये होतं. भांड्यांच्या एका वितरकाचा साठा तो लॅपटॉपवरून सांभाळायचा. बायकोला, स्नेहलला, इथे राजधानीत सरकारी नोकरी लागली, म्हणून त्याच्या साहेबाने, क्रेगने, सहा महिन्यांपुरती ही सवलत दिली होती. आज मुदत संपत होती. क्रेग 'नाही' म्हणाला, की बायको इथे आणि मकरंद तिथे.

पण खोकेवाल्यांना त्याचं काय? "कुरियरवाला सही मागतो रे, आणि तू रिकामाच!" असं म्हणत एकेकाने त्याचाच पत्ता देऊन ठेवला होता.

"पायजम्यात करतो म्हणून ती नोकरी नाही का?" मकरंद रोज कडाडायचा.

"मला काय ओरडतोस? त्यांना सांग," स्नेहल म्हणायची.

"सांगतोच!" आणि बेल वाजली की, "या ना काकू, बसा!"

आज दहाला क्रेग लॅपटॉपच्या पडद्यावर आला. आकडे ऐकून त्याने मान डोलावली. मग त्याची नजर मकरंदच्या मागे गेली.

"मॅक, आपले चौदा खोके कमी भरतायत, असं आत्ताच म्हणालास. हे मागे कसले?"

मकरंदने वळून मोजले. नेमके चौदा.

"लोकांचे आहेत. मी नुसते ठेवून घेतो."

"किती घेतोस त्याचे?"

"काहीच नाही!"

क्रेगचा संशय पक्का झाला. तेवढ्यात मंदाकाकू आत आल्या, "तुझं चालू दे," म्हणाल्या आणि एक खोका उचलून निघाल्या.

"थांबव त्यांना! उघडून दाखव!" क्रेग ओरडला.

"काकू, खोका उघडावा लागेल."

"हात लावशील तर खबरदार!"

"माझी नोकरी जाईल हो!"

"दुसरी मिळेल!"

ओढाताणीत खोका फाटला आणि तयार चकल्यांची चाळीस पाकिटं जमिनीवर पसरली. दर दिवाळीला 'सगळं घरचं हं' म्हणत काकू वाटायच्या, त्याच चकल्या. मराठी मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब यांच्या खोक्यातून केसांचा टोप निघाला, काळाभोर, भांग पाडलेला. चौदाही खोके उघडले, पण पातेलं एकातही नव्हतं.

"स्वीट अ‍ॅज, मेट, एकदम झकास," क्रेग हसून हसून डोळे पुसत म्हणाला. "राहा तिथेच. कायमचा."

शनिवारपर्यंत सगळे खोके गेले. न्यायला आलेल्यांपैकी कुणी उंबरठा ओलांडला नाही, कुणी नजर वर केली नाही. पुढे तीन आठवडे बेल वाजली नाही.

"बघितलंस?" मकरंद उसळला. "सहा महिने फुकट राबलो, आणि आता सगळ्यांचे खोके मंडळातल्या त्या श्यामकडे! मी काय परका?"

"हेच हवं होतं ना तुला?" स्नेहल म्हणाली. "आणि काय रे, श्यामचा फोन होता. आपलाही एक खोका आलाय म्हणे त्याच्याकडे."

"मीच दिला त्याचा पत्ता," मकरंद बूट चढवत म्हणाला. "सगळे भेटतात तिथे."