पऱ्हाटीच्या फुलांच्या बाहुल्या

खुशालराव वलगावच्या आपल्या वावरात शिरले आणि जागीच थबकले. धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या पऱ्हाटीवर एक फूल शिल्लक नव्हतं. फूल गेलं म्हणजे बोंड गेलं, आणि बोंड गेलं म्हणजे कापूस गेला. तोही असल्या वर्षी! साता समुद्रापलीकडं कुठं लढाई पेटली होती आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. खुशालरावांनी तर परसातला झेंडू नि शेवंतीसुद्धा उपटून तिथं सरकी टोबली होती.

शेजारच्या वावराचे नत्थुजी धुऱ्यावर उभे होते. खुशालरावांचं डोकंच फिरलं.

"नत्थुजी! तुया बैलानं माही पऱ्हाटी खाल्ली!"

"माहा बैल फुलं खुडते अन् पानं ठेवते काय? माह्याबी वावरातली फुलं गेली. तुयाच घरी चाललो होतो मी!"

"माह्या घरी काहून?"

"फुलं तिकडंच सांडत गेली, म्हनून!"

एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत दोघं खुशालरावांच्या ओसरीवर येऊन थडकले. तिथं पोरींच्या भुलाबाईच्या सणाचा थाट मांडला होता. खुशालरावांची शकुन आणि तिच्या मैत्रिणी बाहुल्या करत बसल्या होत्या. पऱ्हाटीचं पिवळं फूल उलटं धरलं की झाला परकर. वर बाभळीच्या काट्यानं टोचलेलं हिरवं बोर, म्हणजे डोकं. पळसाच्या पानाची छत्री.

"शकुने!" खुशालराव गरजले. "कोनाले इचारून तोडली फुलं?"

शकुननं कमरेवर हात ठेवले. राग तिनं बापाकडूनच घेतला होता. "झेंडू तुमीच उपटला न, बाबा? मंग भुलाबाईले काय ढेकळं वाहू?"

तेवढ्यात नत्थुजींनी एक बाहुली उचलली. "हा परकर माह्या वावरातला. पाहा कसा घेरदार! हे बारकं चिरगुट तुयं असन."

"चिरगुट?" खुशालरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "थांब, दाखवतो!"

ते तरातरा वावरात गेले आणि एक टपोरं फूल खुडून आले.

"हे कालचं हाय. गुलाबी पडलं," नत्थुजी म्हणाले.

खुशालराव दातओठ खात पुन्हा गेले. या वेळी उपरण्याची झोळी भरूनच आले. ते पाहून नत्थुजीही चवताळून आपल्या वावराकडे पळाले. पोरी दोघांच्या हातून फुलं घेत होत्या आणि बाहुल्या उभ्या करत होत्या. ओसरी भरली, पायऱ्या भरल्या, तुळशीचा ओटाही भरला.

शेवटी खुशालरावांची बायको गोदाबाई कपाळाला हात लावत बाहेर आली. "अवो, पुरे करा न आता! अर्धं वावर बोडकं केलं तुमी. अन् ह्या बाहुल्या ठेवाव्या कुठी?"

खुशालराव घामानं निथळत होते. त्यांनी तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं.

"नत्थुजी अजून तोडूनच राह्यला, अन् मलेच पुरे म्हनते? ते उखळ सरकव तिकडं!"