शंभर कोटी वर्षांचा गोमेद

बाल्कनीतल्या दगडाच्या पोटात खड्डा पडला आहे, हे तेजस्वीच्या लक्षात आलं तेव्हा रविवारची सकाळ होती. आणि सोमवारी तिला तोच दगड घेऊन प्रयोगशाळेत उभं राहायचं होतं. दगडाचं वय मोजणाऱ्या यंत्राची ही पाळी हुकली, तर पुढली आठ महिन्यांनी. म्हणजे पीएचडीही आठ महिन्यांनी.

अरवली पर्वतातून बेलवलीच्या घरापर्यंत पाठीवर वाहून आणलेला तो अभ्रकी दगड म्हणजे एका प्राचीन पर्वताच्या जन्मवेणांचा सुरकुतलेला पुरावा होता. धरणी पिळत असताना त्याच्या आत आवळ्याएवढा गार्नेटचा एक लाल खडा, थरावर थर चढवत, गिरकी घेत वाढला होता. पर्वत कधी उभा राहिला, ते त्या थरांना ठाऊक होतं. आता तिथे नुसती पोकळी होती, बोलता बोलता उघडंच राहिलेल्या तोंडासारखी.

"आई, इथला लाल खडा कुठाय?"

वेणूताईंनी लाटण्यानेच नवऱ्याकडे निर्देश केला. विष्णुपंतांनी घाईने पेपर वर धरला आणि पेपर धरलेल्या बोटावर नवी अंगठी लकाकली.

"बाबा!"

"गोमेद आहे तो. गुरुजी म्हणाले, राहू वाकडा आहे. घरातच गोमेद पडलाय तर विकत कशाला आणू? स्क्रू-ड्रायव्हर लावला, टक्कन निघाला."

"ते माझं सॅम्पल होतं!"

"मग? सॅम्पलच घेतलं. अख्खा दगड ठेवलाय की तुला!"

अंगठी निघेना. साबण झाला, खोबरेल झालं. बोट तेवढं सुजलं. शिवाय त्यातला खडा घासून मसुराएवढा उरलेला. तेजस्वीने अंगठी घडवणाऱ्या उल्हासनगरच्या सिंधी जवाहिऱ्याला फोन लावला.

"बेटी, पत्थर एकदम डिफेक्टिव था! बीच में से काटा, तो अंदर पूरी जलेबी! एक आधे में कोना साफ मिला, वो अंगूठी में डाला. दूसरा आधा पापा को वापस दिया ना."

"बाबा, दुसरा अर्धा?"

विष्णुपंतांनी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? दोषी खडा घरात नको, असं तुम्हीच म्हणालात. पुरला कढीपत्त्याच्या कुंडीत."

संशोधनाचं भवितव्य मग चहाच्या चमच्याने उकरून काढण्यात आलं.

सोमवारी तिचे मार्गदर्शक, डॉ. हरिचंद्र भोईर, भिंगावर वाकले ते बराच वेळ सरळच झाले नाहीत.

"नेमका मध्यातून छेद!" ते पुटपुटले. "गाभ्यापासून कडेपर्यंत अख्खी गिरकी दिसतेय. अगं, आपल्या मशीनवर आपण तीन गार्नेट फोडले! हा कुठे कापलास?"

"उल्हासनगरला, सर. कॅम्प तीन."

"तिथे लॅब आहे?"

"खाजगी आहे, सर."

"उरलेले सहा गार्नेट पण तिथेच कापायला दे."

महिन्याभराने निकाल आला. जेवताना तेजस्वीने तो अभिमानाने वाचून दाखवला. "पर्वत शंभर कोटी वर्षांपूर्वी उभा राहिला. अधिक-उणे दोन कोटी."

विष्णुपंतांचा घास हातातच राहिला.

"दोन कोटी वर्षं इकडेतिकडे? चालतं तुमच्यात?"

"चालतं म्हणजे? फार अचूक मानतात हे, बाबा!"

"आणि आमचे गुरुजी भाकितात आठ दिवसांनी चुकले, तर तू त्यांना फोनवर भोंदू म्हणालीस!"