चारला येणाऱ्या फोनचं गौडबंगाल

डेस्मंड टिपेटचं स्वतःबद्दल असं मत होतं, की पोर्ट पिरी गावात मोठे गुन्हे घडत नाहीत याचं एकमेव कारण तो तिथे राहतो. गुन्हेगार त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. त्याची बहीण ग्लेनिस हिच्या निरीक्षणानुसार बाकीचेही राहत नसत. नजर ससाण्याची, बुद्धी वस्तऱ्याची, आणि खिशात कार्ड: 'डेस्मंड टिपेट, खाजगी गुप्तहेर. मंगळवारी बंद.' मंगळवारी बोलिंग क्लबात सामने असत. तीस वर्षं नगरपालिकेसाठी गाड्यांच्या काचांवर दंडाच्या चिठ्ठ्या लावून तो निवृत्त झाला होता. त्यामुळे जगातला प्रत्येक माणूस कुठेतरी चुकीच्या जागी उभा आहे, हा त्याच्या तपासाचा पाया होता. ग्लेनिस त्याची सहायक होती. तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

बुधवारी सकाळी शेजारचा रॉस हरवलेल्या मदतीची तक्रार घेऊन आला. चाळीस वर्षं सिगारेट ओढत होता बिचारा. मुलगी कर्स्टी दोन-तीन आठवड्यांत बाळंत होणार होती आणि तिने बजावलं होतं, अंगाला सिगारेटचा वास आला तर बाळाला हात लावायचा नाही. रॉसने आजवर स्वतःच्या हिमतीवर सात वेळा सिगारेट सोडली होती, म्हणजे आठ वेळा धरली होती. शेवटी लाज गिळून त्याने पाकिटावर छापलेल्या सडक्या पावलाच्या चित्राखालचा, सिगारेट सोडवायला मदत करणाऱ्यांचा नंबर फिरवला. पलीकडच्या बाई फार प्रेमाने बोलल्या. रोज दुपारी चारला फोन करीन म्हणाल्या.

"आणि काल आलाच नाही," रॉस म्हणाला. "चारला कुणीतरी बिननंबरी फोन करून घोळ घातला, तो मी कापला. पण बाईंचा काही आला नाही."

नंबर न दाखवणारा असा बिननंबरी फोन पोर्ट पिरीत कुणीच उचलत नसे. तो लुबाडणाऱ्याचा असतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

डेस्मंड ऊर्फ डेसने रॉसचा फोन पुरावा म्हणून जप्त केला आणि सँडविचच्या पिशवीत घालून खिशात ठेवला.

त्या दिवशी ठीक चारला खिसा वाजला. बिननंबरी.

"रॉस आहेत का?" एका बाईचा आवाज.

"तुम्ही कोण?"

"ते मी फक्त रॉसनाच सांगू शकते."

डेसने फोन कापला आणि जाहीर केलं, की रॉसचं बाहेर प्रकरण आहे. ग्लेनिसने खिडकीतून रॉसकडे पाहिलं. तो भोकाच्या बनियनमध्ये कुंपणाला टेकून सिगारेट ओढत होता. प्रकरण होण्यासारखं तिला काही दिसलं नाही.

गुरुवारी त्याच बाईने विचारलं, की रॉसचे दिवस कसे चाललेत. म्हणजे ही हेर, तंबाखू कंपनीची, असं डेसने ठरवलं. शुक्रवारी ती म्हणाली, त्यांना सांगा, मी प्रयत्न सोडणार नाही. डेसने ती धमकी म्हणून नोंदवली आणि पाळत ठेवण्यासाठी रॉसच्या टोमॅटोच्या वाफ्यात आडवा झाला. तेवढ्यात रॉसने सवयीने त्याच्यावर पाणी मारलं.

इकडे रॉस दिवसाला दोन पाकिटांवर गेला होता. 'माझ्यासारख्याला त्यांनी टाकूनच दिलं असेल,' असं तो ग्लेनिसला हळूच म्हणाला.

शनिवारी चारला खिसा वाजला. डेस आवाज जाड करायला खाकरत होता, तेवढ्यात ग्लेनिसने त्याच्या खिशात हात घातला.

"अगं, पुरावा आहे तो!"

"फोन आहे तो. रॉसचा आहे." आणि तिने तो कुंपणापलीकडे रॉसच्या हातात दिला. "उचल."

रॉसने उचलला. ऐकलं.

"अहो, ते बिननंबरी फोन तुमचेच का!" तो म्हणाला. बाईंनी पुढे काहीतरी विचारलं असावं. रॉसने विचार केला. "सगळ्यात जास्त तलफ ना? दुपारी चारला. तुमच्या फोनची वाट बघताना."

डेसने अहवालात लिहिलं, की सूत्रधार फोनसह रंगेहाथ सापडला. नाव गुप्त ठेवण्यात येत आहे.

बाळ आठवडाभर आधीच आलं. रॉसच्या हाताशी जेमतेम नऊ बिनसिगारेटचे दिवस होते. इस्पितळात कर्स्टीने आधी बापाची कॉलर हुंगली, मग बाह्या, मग मिशी. असा तपास ग्लेनिसने घरात कधीच पाहिला नव्हता. मग कर्स्टीने मुलगी त्याच्या हातात ठेवली. रॉस इतका ताठ बसला होता, की जणू त्यालाच कुणीतरी धरलंय.

थोड्या वेळाने डेसनेही हात पुढे केले.

"ग्लेनिस मावशी, हे ओढतात का?" कर्स्टीने विचारलं.

"नाही गं. गुप्तहेर आहे."

कर्स्टीने क्षणभर विचार केला आणि बाळ ग्लेनिसकडे दिलं.