बोटभर बाद जाहली, त्या मोहिमेची हकिकत

बालवाचकहो, क्षणभर डोळे मिटावे आणि कल्पना करावी की, पुढे तळे आहे, मागे झाडी आहे, मध्ये गवताचे मैदान आहे आणि त्या मैदानी दोन तंबू आहेत, पैकी एक सरळ उभा आहे आणि दुसरा बाबासाहेबांनी उभा केला आहे. इतके दिसले म्हणजे डोळे उघडावे, कारण मिटल्या डोळ्यांनी पुढील मजकूर वाचता येत नाही. थोर लढायांच्या हकिकती पुष्कळांनी लिहून ठेविल्या. परंतु सुटीच्या दिवशी एका कुटुंबाने पिवळ्या टॉवेलाकरिता केवढा रणसंग्राम केला, हे कोणी लिहिले नाही, सबब आम्ही लिहितो. ऐकिले तैसे लिहिले. पदरचे घातले ते शोभेपुरते.

त्या मुलुखात दोन सत्ता होत्या. एकीकडे राजमान्य बाबासाहेब, पेशाने बसगाड्यांचे मार्ग आखणारे, ज्यांच्या मसलतीवाचून घरातले पान हलत नसे, आणि मसलतीनंतरही क्वचितच हले. त्यांचे पदरी ज्येष्ठ चिरंजीव दादा आणि शेंडेफळ कन्या, जिला सारे बोटभर म्हणत. दुसरीकडे बाबासाहेबांच्या सख्ख्या भगिनी आत्यासाहेब, पेशाने वकील, ज्यांनी बालपणापासून भावाचा एक शब्द खाली पडू दिला नाही, वरच्या वर झेलून परत मारिला. त्यांचे यजमान आतोबा आणि कन्या ताई. दादा-बोटभर यांच्या आईसाहेबांनी घडीच्या खुर्चीवर बैठक मारून, आम्ही न्याय करू, पळणार नाही, असे आरंभीच जाहीर केले, आणि साऱ्या मोहिमेत शहाणपणाचा हुकूम तेवढा तोच निघाला.

लढाईचे कारण ऐसे की, आतोबांनी दुपारी भात लाविला आणि मग ते पाण्यात चपटे दगड उडवीत बसले, आणि भात पातेल्यासह एकजीव जाहला. ते पातेले घासावे कोणी, यावर दोन्ही दरबारी बोलणी फिसकटली आणि मग निशाण पळविण्याचा खेळ ठरला. बाबासाहेबांचे निशाण तांबडा पायमोजा, आत्यासाहेबांचे पिवळा टॉवेल. मध्ये दोरी टाकून सरहद्द केली. शत्रूच्या मुलुखात ज्याला हात लागेल तो बाद, त्याने दोरीच्या वर्तुळात कैदेत बसावे. शत्रूचे निशाण घेऊन परतताना जो धरला जाईल, त्याच्या पक्षाची हार तेथेच. आणि हरल्या पक्षाने सगळ्यांनी मिळून पातेले घासावे, ही कलमे आत्यासाहेबांनी दस्तुरखुद्द सांगितली आणि कोणास काही विचारायचे असल्यास आत्ताच विचारा, असेही बजावले. कोणी विचारिले नाही. वकिलास विचारण्याची पाळी नेहमी मागाहून येते.

आता बोटभर हिचा दर्जा सांगणे प्राप्त आहे. ती कच्चा लिंबू. म्हणजे तिने धावावे परंतु कोणी धरू नये. चुकून धरिल्यास सोडावे आणि वर गालगुच्चा घ्यावा. सकाळी रस्सीखेच जाहली, तेव्हा तिचे हाती दोरीचे मोकळे शेपूट दिले; पोत्यांच्या शर्यतीत ती पहिल्याच उडीस उलथली, तरी सर्वांनी टाळ्या पिटल्या; आणि लपाछपीत ती झाडाआड श्वास कोंडून उभी असता ताई तिजकडे पाहून न पाहिल्यासारखे करून पुढे गेली. जगात एवढी माणसे बाद होतात, आपल्याच नशिबी ते का नाही, हे शल्य तिचे मनी फार. म्हणून मोहिमेपूर्वी तिने बाबासाहेबांकडे अर्ज केला.

"बाबा, आज मला पक्की घे ना."

पुढच्या वर्षी पाहू, असा हुकूम जाहला. मागल्या वर्षीही हाच हुकूम निघाला होता.

मग बाबासाहेबांनी बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मुलुखाचा नकाशा काढिला, त्यावर बाण ओढिले, आणि झाडीस वळसा घालून शत्रूच्या पिछाडीस उतरावे, ऐसी तजवीज करून खासा कूच केले. आणि वळसा थोडा मोठा पडून शेजारच्या अनोळखी मंडळींच्या तळावर दाखल जाहले. मंडळींनी बसा म्हटले, आणि नाही म्हणणे शिष्टाचारास सोडून होते, म्हणून बसले. इकडे दादा सरळ शत्रूवर चालून गेला आणि ताईने जागचे न हलता त्याच्या पाठीस बोट लाविले. तो हात नव्हता, वारा होता, ऐसी तकरार करीत तो कैदेत गेला. येणेप्रमाणे एका पक्षाची पक्की फौज संपली.

मग बोटभर निघाली. धावली नाही, चालत निघाली. आतोबा टॉवेलाखाली पहाऱ्यास बसले होते. त्यांनी तिला बिस्कीट दिले आणि, "जरा बघ हं इकडे," म्हणून आपला चष्मा शोधावयास तंबूत गेले. तिने बिस्कीट तोंडात धरिले, टॉवेल ओढून स्वेटराआड कोंबिला आणि पोट पुढे काढून परत फिरली. सरहद्दीवर साक्षात आत्यासाहेब उभ्या. त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळिले. बोटभर हिने पोट आणखी पुढे काढिले.

"अगं, बंद सुटलाय बुटाचा. पडशील ना," म्हणून आत्यासाहेबांनी गुडघे टेकून बंद बांधिला, गाल चिमटीत धरिला आणि तिला सोडिले. बोटभर सरहद्द ओलांडून गेली, आणि मग तिने टॉवेल उपसून डोईवर फडकाविला.

कल्ला ऐकून बाबासाहेब दाढीस परक्या तळावरच्या फराळाचा चुरा लावून धावत आले आणि त्यांनी कन्येस उचलून जाहीर केले की, ही पहिल्यापासून पक्कीच आहे, रक्तच माझे.

"पक्की ना? बघ हं, तूच म्हणालास," आत्यासाहेब शांतपणे म्हणाल्या. "मग मी हिचा बंद बांधला, तेव्हा टॉवेल हिच्याच अंगावर होता. हात लागला, बाद. पातेलं घ्या."

बाबासाहेबांनी कन्येस खाली ठेविले. मग त्यांनी असे प्रतिपादिले की, एवढीशी पोर पक्की कशी असेल, ती तर कच्चीच, सबब टॉवेल परत द्यावा आणि खेळ पुढे चालवावा. एका माणसाने एका दमात दोन बाजू लढविल्या, हे पाहून आत्यासाहेबांसही क्षणभर कौतुक वाटले. दादा कैदेतून, कच्ची म्हण, कच्ची म्हण, ऐशा खुणा करू लागला. तेव्हा आईसाहेबांनी चहाचा पेला खाली ठेवून फर्मान काढिले की, जिचे नाव निघाले आहे, तिलाच विचारा.

बोटभर हिने पातेल्याकडे पाहिले. बापाकडे पाहिले. रिकाम्या पडलेल्या अर्ध्या वर्तुळाकडे पाहिले.

"मी पक्की," ती म्हणाली. "आत्याचा हात लागलाय. मी बाद आहे."

आणि ती आपल्या पायांनी कैदेत गेली आणि दादास, "सरक तिकडे," म्हणून मांडी घालून अशी बसली की, गादीवर बसणारासही तसे बसणे साधत नाही.

"वेडी, आपण हरलो," दादा म्हणाला.

"हो. पण मी बाद झाले."

येणेप्रमाणे त्या रणी बाबासाहेबांची शिकस्त, आत्यासाहेबांची सरशी आणि बोटभर हिची फत्ते जाहली. तिन्ही गोष्टी आईसाहेबांच्या समक्ष घडल्या, सबब खऱ्या मानाव्या. मग बाबासाहेबांनी पातेल्याचा कोणता भाग कोणी घासावा याचा नकाशा काढावयास घेतला, आणि लहानग्यांस माफी असावी, असे पुटपुटले. तोवर बोटभर घासणी घेऊन पातेल्यात खांद्यापर्यंत उतरली होती.

काम आटोपून ती नाकावर काजळी मिरवीत तंबूकडे निघाली, तो आत्यासाहेबांनी तळ्याकाठून मायेने हाक दिली की, बंद पुन्हा सुटलाय बघ, ये इकडे, बांधते. बोटभर थबकली. तिने आत्यांच्या हाताकडे पाहिले, मग बुटाकडे, आणि मग चार पावले मागे सरून, खाली बसून, आपला बंद आपणच बांधिला. आणि ती गाठ ऐसी बसली की, रात्री तिला बुटासकट निजावे लागले.