राखणीचे दहा गुण

बसा मुलांनो, नीट मांडी घालून बसा. आज जंगल कुठलंही धरा. तिथे झाडं होती, प्यायला पाणी होतं, आणि दुपारच्या वेळी जनावरांना काही काम नव्हतं. म्हणून ती क्रिकेट खेळत.

पण खेळायला लागतात अकरा. उरलेल्यांनी काय करायचं? ती पानं खेळत. पत्त्यांची नव्हे, सागाची. प्रत्येकानं एक पान घ्यायचं, त्यावर काट्यानं आपल्या जंगलातल्या दोन गोलंदाजांची नावं कोरायची आणि तो आपला संघ समजायचा. खरे गोलंदाज उन्हात धावत. पानवाले सावलीत बसून गुण मिळवत. आपल्या गोलंदाजानं विकेट घेतली की एक गुण. मन फिरलं तर नाव खोडून दुसरं कोरायची मुभा होती. गुण टिटवी मोजायची, कारण तिचा आवाज सगळीकडे ऐकू जाई.

आणि एक होती राखण. शेवटच्या ओव्हरला समोरच्यांना दहाच्या आत धावा हव्या असल्या, आणि तरीही आपण जिंकलो, तर ती ओव्हर टाकणाऱ्याच्या नावावर राखण लागे. राखणीचे गुण किती? दहा. असं का, ते विचारू नका. शिरपतनंही विचारलं नव्हतं.

हा शिरपत म्हणजे साळिंदर. त्याची बायको गोदा. गोदा जंगलाच्या संघात फिरकी टाकायची, आणि अशी टाकायची की भलेभले गवे बॅट फिरवून स्वतःभोवती गिरकी घेत. दर सामन्यात दोन-तीन विकेटी ठरलेल्या.

एके दिवशी बीळ झाडताना गोदाला नवऱ्याचं पान सापडलं.

"अहो, यात माझं नाव दिसत नाही."

शिरपत जरा चपापला. "तसं नव्हे गं. तुझ्या नुसत्या विकेटी असतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तू मधल्या ओव्हरी टाकतेस. तुला राखण कुठली मिळणार? तरसाला एका राखणीत जे मिळतं, त्याला तुला चार सामने लागतात."

"तरसाला तेवढी एक ओव्हर टाकायला लागते, कारण त्याच्या आधीच्या मी टाकलेल्या असतात."

"तेच म्हणतोय मी," शिरपत म्हणाला आणि पान उलटं करून ठेवलं.

पण राखणीच्या मागे लागणं सोपं नसतं बरं का. पुढच्याच सामन्यात तरसाला तीन षटकार बसले. कर्णधार होता अस्वल. त्यानं शेवटची ओव्हर घोरपडीला दिली. शिरपतनं तरस खोडला, घोरपड कोरली. घोरपडीचा खांदा निखळला. शिरपतनं घोरपड खोडली. मग अस्वलानं जाहीर केलं, "यापुढे ज्याचा दिवस असेल तो टाकेल." झालं! शिरपतची झोप उडाली, जेवण तुटलं. अस्वलाच्या गुहेबाहेर तो पालापाचोळ्यात दडून बसू लागला, आत काय बोलणं होतं ते ऐकायला. पानाची तर चाळण झाली होती.

शेवटी एकदा त्याच्या कानावर आलं, की शेवटच्या ओव्हरसाठी अस्वलाचा जीव खवल्या मांजरावर बसलाय. शिरपत धावत घरी आला आणि पानावर जागा उरली नव्हती म्हणून देठाजवळ कसंबसं 'खवल्या' कोरलं.

आता आला मोठा सामना. तो होता पलीकडच्या जंगलाशी. दोन्ही जंगलांच्या मध्ये एकच पाणवठा. जो जिंकेल त्याची जनावरं उन्हाळाभर आधी पाणी पिणार. हरलेल्यांनी मागून जायचं आणि उरलेला गाळ चाटायचा. अशी ती दरवर्षीची पैज होती. पाडसांच्या आया सकाळपासून मैदानाकडे डोळे लावून बसल्या होत्या.

शिरपतचे डोळे मात्र टिटवीकडे होते. पानांच्या खेळात मुंगूस त्याच्यापेक्षा आठ गुणांनी पुढे होता. मुंगसाच्या पानावर पहिल्यापासून गोदा होती, आणि त्या दिवशीच तिनं तीन विकेटी काढल्या होत्या. सगळी जनावरं टाळ्या पिटत होती. प्रत्येक विकेटीला शिरपत मुंगसाचा वाढलेला गुण मोजत होता.

दोन ओव्हरी उरल्या. पलीकडच्यांना हव्या होत्या तीस धावा. टाकायला येणार गोदा, मग शेवटी खवल्या. म्हणजे सामना खिशात! पण शिरपतनं हिशेब मांडला. गोदानं नेहमीसारखी ओव्हर टाकली तर शेवटी पंचवीस-सव्वीस उरणार. मग राखण कसली लागते?

पाण्याची सुट्टी झाली तसा तो भोपळा घेऊन मैदानात पळाला.

"गोदे, पाणी घे. दमली असशील. ही ओव्हर जरा सैल टाक."

"किती सैल?"

"एकवीस-बावीस धावांची."

गोदानं भोपळा खाली ठेवला. "आणि हरलो तर? आपल्या पिल्लांनी गाळ चाटायचा?"

"हरतोय कशाला! खवल्या आहे ना वाचवायला."

"आत्ता वाचवण्यासारखं काही नाहीये. सामना चांगला चाललाय."

"तीच तर अडचण आहे!" शिरपत कळवळून म्हणाला.

गोदानं भोपळा उचलून त्याच्या हातात दिला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेनं शिरपतचे काटे क्षणभर मिटले. पण मग त्याला मुंगूस आठवला आणि तो अस्वलाकडे वळला. अस्वलाच्या कमरेला खोचलेलं पान त्यानं पाहिलं. त्यावरही खवल्याच होता. कप्तानांना पान नसावं असा नियम करायचं कुणाला सुचलं नव्हतं. मग फार बोलावं लागलं नाही.

"गोदाबाई," अस्वल म्हणाला, "तुमचा हात दमलाय. ही ओव्हर ससा टाकेल."

"माझा हात दमलाय असं कुणी सांगितलं?"

"मी कप्तान आहे," अस्वल म्हणाला.

सशानं आयुष्यात चेंडू टाकला नव्हता. त्याला बावीस धावा बसल्या. पाडसांच्या आयांनी डोळे मिटून घेतले. शिरपत झाडाखाली उड्या मारत होता. आठ! फक्त आठ धावा हव्या होत्या!

खवल्या चेंडू घेऊन आला. पहिल्याला चौकार. दुसऱ्यावर दोन. मग तीन चेंडू इतके वाकडे गेले की गव्याची बॅटच पोचली नाही; त्या जंगलात वाईड नव्हता म्हणून निभावलं. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. गव्यानं बॅट फिरवली. चेंडू सणसणत खवल्याकडे आला. खवल्यानं घाबरून अंगाचं वेटोळं केलं, आणि चेंडू त्याच्या खवल्यांत रुतून बसला.

"झेल!" टिटवी ओरडली. "राखण! दहा गुण!"

एका धावेनं सामना जिंकला. खवल्याचं वेटोळं सुटेपर्यंत थांबून त्याला खांद्यावर घेतलं गेलं. अस्वलाच्या धूर्तपणाची पोवाड्यासारखी वर्णनं झाली. पानांचा विजेता म्हणून शिरपतच्या गळ्यात पळसफुलांचा हार पडला. सशाला चार शिव्या बसल्या. गोदाकडे कुणी वळून पाहिलं नाही, एक मुंगूस सोडला तर. "तुझ्यामुळे तीन गुणांनी हरलो," असं तो म्हणाला.

गोदाचं माहेर पाणवठ्यापलीकडे. ती दुसऱ्या दिवशी पिल्लांना घेऊन तिकडे गेली आणि तिकडूनच खेळू लागली. त्या जंगलात पानं नव्हती. राखण म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक नव्हतं. ते बापडे नुसते जिंकायला खेळत.

इकडे अस्वलानं धडा घेतला होता. पुढच्या वर्षी प्रत्येक सामना आधी बिघडवायचा आणि मग खवल्यानं वाचवायचा, असं ठरलं. बिघडवणं सगळ्यांना छान जमलं.

त्या उन्हाळ्यात शिरपत पाणवठ्यावर रानडुकरांच्या मागे उभा होता. पुढे सगळा गाळ. समोरच्या काठावर आदल्या प्रहरी पाणी पिऊन गोदा पिल्लांची अंगं चाटत बसली होती. शिरपतनं पान उंच धरलं.

"गोदे! टिटवी म्हणाली, आता पलीकडची नावंही चालतात. यंदा मी तुला पानावर घेतलंय!"

"का?"

"शेवटची ओव्हर आता तुझ्याकडे आहे म्हणे!"

गोदा उठली. "पुढच्या सामन्यापासून मी मधल्या टाकणार आहे," ती म्हणाली आणि पिल्लांना घेऊन झाडीत गेली.

शिरपतनं घाईघाईनं काटा उपसला आणि तिचं नाव खोडलं.

आता तात्पर्य घ्या लिहून, म्हणजे मोठेपणी उपयोगी पडेल.

तात्पर्य : हाती आलेला सामना सरळ जिंकण्याचा मूर्खपणा करू नये. आधी तो हरण्याच्या काठावर न्यावा, मग ओढून आणावा. हार टळते आणि गळ्यात हारही पडतो.